चौथं श्वापद कोण?

पश्चिम आशियात कुठं युद्धाची ठिणगी पडली की आमच्या नातेवाईकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन-चार दिवसांत एक ठरावीक व्हिडिओ येऊन पडतो. देश बदलतो, मसाला तोच. खवळलेला समुद्र, त्यातून बाहेर येणारा पंखवाला सिंह, अस्वल, चार डोक्यांचा बिबट्या आणि मग लोखंडी दातांचं ते चौथं श्वापद. निवेदक खर्जात सांगतो, हे सगळं बायबलमध्ये दानीएलने अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय, आणि ते चौथं श्वापद म्हणजे... इथं त्या महिन्यात बातम्यांत असलेला देश घालायचा. मागच्या खेपेला एका मावसबहिणीने विचारलं, "दादा, तू वाचलंयस ना बायबल? मग ते चौथं श्वापद नक्की कोण रे?"

मी ख्रिस्तीही नाही आणि ज्यूही नाही. प्राचीन इतिहासाच्या नादाने बायबल हातात आलं आणि त्यातलं दानीएलचं पुस्तक डोक्यात घर करून बसलं, एवढीच माझी पात्रता. त्यामुळे पुढचं सगळं एका हौशी वाचकाचं मत समजा. पण मत ठाम आहे. चौथं श्वापद म्हणजे अलेक्झांडरनंतरचं ग्रीक राज्य, आणि त्याच्या डोक्यावरचं ते बडबडं लहान शिंग म्हणजे सीरियाचा राजा अँटिओकस चौथा, जो इ.स.पू. १७५ ते १६४ या काळात गादीवर होता. आज त्या श्वापदाला शोधत फिरणं म्हणजे बावीसशे वर्षांपूर्वी कुणाला तरी लिहिलेलं पत्र स्वतःच्या नावाचं समजून फोडणं. एवढं उत्तर ग्रुपवर टाकलं असतं तर चालूनही गेलं असतं. पण "असं का?" हा पुढचा प्रश्न येणारच होता, आणि खरी मजा तिथंच आहे.

ज्यांनी हे पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर यरुशलेमला वेढा घालून ज्यू लोकांना पकडून नेतो, त्यांतला एक तरुण म्हणजे दानीएल. पहिल्या सहा अध्यायांत दरबारी गोष्टी आहेत: आगीची भट्टी, सिंहांची गुहा, भिंतीवर लिहिणारा हात. दुसऱ्या अध्यायात राजाला स्वप्न पडतं. एक भला मोठा पुतळा, डोकं सोन्याचं, छाती आणि हात रुप्याचे, पोट आणि मांड्या पितळेच्या, पाय लोखंडाचे आणि पावलं अर्धी लोखंड अर्धी माती. कुणी हात न लावता एक दगड सुटून येतो, पावलांवर आदळतो, अख्ख्या पुतळ्याचा भुगा होतो आणि त्या दगडाचा पर्वत होऊन पृथ्वी व्यापतो. सातव्या अध्यायात तीच गोष्ट श्वापदांच्या रूपात दानीएलला दिसते. चार श्वापदं, चौथ्याला दहा शिंगं, त्यांतून तीन शिंगं उपटून उगवलेलं एक लहान शिंग. त्याला माणसासारखे डोळे आणि मोठमोठ्या गोष्टी बोलणारं तोंड. मग पुराणपुरुषाचा दरबार भरतो आणि श्वापदाचा निकाल लागतो.

चार राज्यं आणि मग देवाचं पाचवं. पहिलं बाबिलोन, हे पुस्तकच सांगतं. शेवटचं कोणतं, यावर सगळं भांडण.

ख्रिस्ती परंपरेत बहुतेकांनी ही यादी बाबिलोन, मेद-पारस, ग्रीस, रोम अशी लावली. पुस्तकात मात्र मेदी लोकांना स्वतंत्र पाळी दिलेली दिसते. बेलशस्सर मारला जातो तेव्हा राज्य 'दारयावेश मेदी' नावाच्या राजाकडे जातं आणि त्याच्यानंतर पारसाचा कोरेश येतो. इतिहासात असा मेदी राजा बाबिलोनच्या गादीवर बसलेलाच नाही. कोरेशने मेदी लोकांचं राज्य इ.स.पू. ५५० मध्येच गिळलं होतं आणि बाबिलोन घेतलं ५३९ मध्ये. मग हा दारयावेश आला कुठून? यशया आणि यिर्मया या जुन्या संदेष्ट्यांनी म्हणून ठेवलं होतं की बाबिलोनचा नाश मेदी करतील. दानीएलच्या लेखकाने त्या शब्दाला जागून मेदी लोकांना यादीत त्यांची जागा दिली, असं मला वाटतं. म्हणजे बाबिलोन, मेदी, पारस, ग्रीस. चार झाले.

समोरच्या बाजूचा चांगला मुद्दा लपवत नाही. आठव्या अध्यायात दोन शिंगांचा एक मेंढा आहे आणि गब्रिएल देवदूत स्वतः सांगतो की हे मेदी आणि पारसी राजे. एकच प्राणी, म्हणजे एकच राज्य, मग चौथ्या जागेवर रोम येतं. मुद्दा वजनदार आहे. पण त्याच अध्यायात पुढं काय होतं बघा. पश्चिमेकडून एक बोकड येतो, मेंढ्याला तुडवतो. बोकड म्हणजे ग्रीस, हेही गब्रिएलच सांगतो. बोकडाचं मोठं शिंग भर जोमात मोडतं (अलेक्झांडर इ.स.पू. ३२३ मध्ये बाबिलोनमध्येच वारला), त्या जागी चार शिंगं येतात, आणि त्यांतल्या एकातून निघतं एक लहान शिंग, जे मंदिरातला रोजचा होम बंद पाडतं. इथं लहान शिंग ग्रीक आहे यात वादच नाही. सातव्या अध्यायातलं लहान शिंग तेवढं रोमचं, आणि आठव्यातलं ग्रीसचं, असं मानायला मला तरी जड जातं.

आणि गंमत म्हणजे रोम या पुस्तकात आहे! फक्त लोक शोधतात त्या जागी नाही. अकराव्या अध्यायात कित्तीमची जहाजं येतात आणि राजा खचून मागं फिरतो. इ.स.पू. १६८ मध्ये अँटिओकस इजिप्त जवळजवळ जिंकलेला असताना रोमचा दूत पोपिलियस लायनस त्याच्यासमोर आला, हातातल्या काठीने त्याच्याभोवती वाळूत वर्तुळ काढलं आणि म्हणाला, या वर्तुळाबाहेर पाऊल टाकण्याआधी उत्तर दे. राजा निमूट परत गेला. दानीएलच्या जुन्या ग्रीक भाषांतरात तर 'कित्तीम'च्या जागी सरळ 'रोमी' असंच लिहिलंय. म्हणजे या पुस्तकात रोम कोण, तर श्वापदाला हुसकावून लावणारा एक परका. तो स्वतः श्वापद होणं अजून दूर होतं.

आता हा अँटिओकस कोण? आपल्याला तो अगदीच परका नाही. शाळेच्या इतिहासात सेल्युकस निकेटर वाचलेला आठवतोय का, चंद्रगुप्त मौर्याशी तह करून पाचशे हत्ती घेऊन गेलेला? अँटिओकस त्याच्याच वंशातला. या घराण्याला हत्तींचं वेड कायमचं लागलं. मक्काबींच्या पहिल्या ग्रंथात ज्यू बंडखोरांवर चालून आलेल्या हत्तींचं वर्णन आहे, त्यात प्रत्येक हत्तीवर एक हिंदी माहूत आहे. यरुशलेमजवळच्या त्या डोंगरात आपला कोण कुठला माहूत काय विचार करत बसला असेल, हा माझा जुना चाळा आहे. असो.

अँटिओकसने नाण्यांवर स्वतःला 'प्रकट झालेला देव' म्हणवून घेतलं. मोठमोठ्या गोष्टी बोलणारं तोंड, ते हे. लोक मात्र एपिफेनेस या बिरुदात एक अक्षर बदलून त्याला एपिमेनेस, म्हणजे वेडा, म्हणायचे. इजिप्तमधल्या फजितीनंतर त्याचा सगळा जोर यरुशलेमवर निघाला. इ.स.पू. १६७ मध्ये शब्बाथ पाळायला, मुलांची सुंता करायला, धर्मशास्त्र जवळ बाळगायला बंदी आली आणि मंदिरात परक्या देवाची वेदी बसली. मक्काबींचा ग्रंथ सांगतो की सुंता केलेली बाळं आयांच्या गळ्यात बांधून त्या आयांना मारलं. हजारभर माणसं गुहांमध्ये लपली होती. शब्बाथ होता म्हणून त्यांनी हात उचलला नाही, आणि ती जागच्या जागी मेली.

हे डोळ्यांसमोर ठेवलं की पुस्तकातले रटाळ वाटणारे तपशील जिवंत होतात. पुतळ्याच्या पावलांत लोखंड आणि माती एकमेकांत मिसळत नाहीत, विवाहसंबंध करूनही सांधत नाहीत, असं एक वाक्य आहे. रोम धरून बसलं तर त्याचा काही अर्थ लागत नाही. पण सीरियाच्या आणि इजिप्तच्या ग्रीक राजघराण्यांनी एकमेकांच्या मुली करून बघितल्या होत्या. इजिप्तची बेरेनिके सीरियात दिली, ती इ.स.पू. २४६ मध्ये मुलासकट मारली गेली. पुढं सीरियाची क्लिओपात्रा इजिप्तात दिली, ती माहेर सोडून नवऱ्याच्याच बाजूने राहिली. (सीझरवाली क्लिओपात्रा ती ही नव्हे, तिची पूर्वज.) या दोन्ही सोयरिकी अकराव्या अध्यायात नावं न घेता पण ओळीने सांगितल्या आहेत.

तो अकरावा अध्याय हा या सगळ्या प्रकरणाचा कळीचा पुरावा. त्यात पारसी राजांपासून अँटिओकसपर्यंतच्या मोहिमा, तह, दगाबाजी, सोयरिकी इतक्या बारकाईने येतात की शेजारी इतिहासाचं पुस्तक उघडून टिचक्या मारत जावं. आणि मग शेवटच्या पाच-सहा ओळींत गाडी रुळावरून उतरते. राजा पुन्हा इजिप्तवर जाईल, समुद्र आणि पवित्र डोंगर यांच्यामध्ये तंबू ठोकेल आणि तिथंच त्याचा अंत होईल, असं तिथं म्हटलंय. प्रत्यक्षात तो इ.स.पू. १६४ च्या अखेरीस दूर पारसाकडे मोहिमेवर असताना मेला. म्हणजे लिहिणारा मंदिर विटाळल्यानंतर आणि राजा मरण्यापूर्वी लिहीत होता, इ.स.पू. १६७ ते १६४ या दरम्यान. मागचं सगळं बिनचूक, कारण ते घडून गेलेलं होतं. पुढचं चुकलं, कारण ते खरंच भविष्य होतं.

हे काही माझं संशोधन नाही आणि आधुनिक पंडितांचंही नाही. तिसऱ्या शतकात पॉर्फिरी नावाच्या ग्रीक तत्त्ववेत्त्याने ख्रिस्ती मताविरुद्ध पंधरा भागांचा ग्रंथ लिहिला, त्यातल्या बाराव्या भागात हाच युक्तिवाद आहे. पुढं इ.स. ४४८ मध्ये बादशाही हुकमाने तो ग्रंथ जाळायला सांगितला. आपल्याला तो कळतो तो मुख्यतः जेरोममुळे. इ.स. ४०७ मध्ये बेथलेहेमात बसून जेरोमने दानीएलवर भाष्य लिहिलं आणि पॉर्फिरीला खोडून काढण्यासाठी पानोपानी त्याचं म्हणणं नोंदवून ठेवलं. विरोधकाचं म्हणणं नीट मांडून मग खोडावं, ही आपल्याकडच्या पूर्वपक्षाची रीत जेरोमने पाळली आणि नकळत पॉर्फिरीला जिवंत ठेवलं. मला हा माणूस त्यासाठी आवडतो.

श्रद्धेने वाचणारे पुष्कळ जण आजही हे पुस्तक सहाव्या शतकातल्या दानीएलचंच मानतात, त्यांच्यात विद्वानही आहेत. त्यांचं म्हणणं, देव भविष्य सांगू शकतो असं मानलं तर अडचण काय? अडचण काहीच नाही. पण मग बाकीच्या गोष्टींचं काय करायचं? बेलशस्सर हा पुस्तकात नबुखद्नेस्सरचा मुलगा आहे, बाबिलोनच्या विटांच्या लेखांत मात्र तो नबोनिदस या राजाचा मुलगा. (एकेकाळी बेलशस्सर काल्पनिकच आहे असं काही म्हणत, ते या लेखांनी चुकीचं ठरवलं, हेही सांगायला हवं.) नबुखद्नेस्सर सात वर्षं वेडा होऊन गवत खात होता ही गोष्टही बहुधा मुळात नबोनिदसची. तो खरोखरच दहा वर्षं राजधानी सोडून अरबस्तानात राहिला होता, आणि मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांत सापडलेल्या एका तुकड्यात सात वर्षं आजारी पडलेला राजा नबोनिदसच आहे. जुन्या बाबिलोनी गोष्टी पिढ्यानपिढ्या फिरल्या, त्यांतली नावं बदलली, आणि छळाच्या काळात कुणीतरी त्या गोळा करून त्यांना चार श्वापदं जोडली, असं मानलं की सगळं जागच्या जागी बसतं. हिब्रू बायबलमध्ये हे पुस्तक संदेष्ट्यांच्या विभागात नाही, 'लेख' या शेवटच्या विभागात आहे, हेही बोलकं आहे.

"मग ते भाकीत म्हणजे थापच की!" असं कुणी म्हणेल. इथं माझं त्या उत्साही नास्तिक मित्रांशीही पटत नाही. थाप मारणारा काहीतरी मिळवायला मारतो. हा लेखक कुणाला काय विकत होता? आई-बापांनी, धर्मगुरूंनी शिकवलेलं की नियम पाळाल तर जगाल, सुखी व्हाल. आणि डोळ्यांसमोर नियम पाळणारेच मारले जाताहेत, सोडणारे मजेत आहेत. बंडखोरांच्या तलवारीवरही त्याचा फार भरवसा नाही, बहुधा त्यांनाच तो 'थोडीशी मदत' म्हणून बाजूला सारतो. मग तो म्हणतो, साम्राज्यांना गणती असते. सोन्याचं गेलं, रुप्याचं गेलं, पितळेचं गेलं, हेही जाईल. आणि मेलेल्यांचा हिशेब मिटलेला नाही, ते उठतील. हिब्रू बायबलमध्ये मेलेली माणसं पुन्हा उठतील हे इतक्या स्पष्टपणे पहिल्यांदा इथं येतं, आणि ते येतं कारण त्या तीन वर्षांत त्याच्याशिवाय न्यायाचा हिशेब जुळतच नव्हता. त्याच्यामागे लागून त्याला 'फसलेला ज्योतिषी' म्हणणं मला कोतेपणाचं वाटतं.

बरं, जुनी भाकितं नव्याने वाचणं हे बायबलला काही नवीन नाही. नवव्या अध्यायात स्वतः दानीएलच यिर्मयाचं पुस्तक उघडून बसलाय. यिर्मयाने सत्तर वर्षं सांगितली होती, ती तर सरली, मग? तर सत्तर वर्षं म्हणजे सत्तर 'सप्तकं', चारशे नव्वद वर्षं. यहेज्केलचं उदाहरण याहून सरस आहे. त्याने सांगितलं होतं की नबुखद्नेस्सर सोर शहर धुळीला मिळवील. सोर पडलं नाही तसं, लांबलचक वेढ्यानंतर तडजोड झाली. सोळा वर्षांनी त्याच पुस्तकात तोच यहेज्केल लिहितो की नबुखद्नेस्सरच्या सैन्याने एवढे कष्ट केले, खांदे सोलवटले, पण सोरकडून मजुरी मिळाली नाही, म्हणून आता देव त्याला इजिप्त देईल. पहिलं भाकीत कुणी खोडलं नाही, दुसरं लपवलं नाही. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवली. ही सचोटी त्या व्हिडिओवाल्यांना शिकवायला हवी.

एज्राच्या नावावर एक ग्रंथ आहे, रोमने इ.स. ७० मध्ये यरुशलेम जाळलं त्यानंतर तीसेक वर्षांनी लिहिलेला. त्यात एक गरुड दिसतो, रोमचं चिन्ह, आणि देवदूत सांगतो: हे तुझा भाऊ दानीएल याला दिसलेलं चौथं राज्य आहे, पण त्याला मी तसं समजावून सांगितलं नव्हतं. किती सरळ माणूस! अर्थ बदलतोय हे सांगूनच बदलतो. त्याच सुमाराचा ज्यू इतिहासकार जोसेफस रोममध्ये बादशहाच्या मेहेरबानीवर राहत होता. तो पुतळ्याची सगळी गोष्ट सांगतो, आणि त्या दगडापाशी आला की म्हणतो, माझं काम घडलेलं लिहायचं, घडणारं नव्हे. ज्याच्या घरात राहतोय त्याच्याच राज्याचा भुगा होणार हे कसं लिहायचं! मला दर वेळी हसू येतं.

तिथून पुढची यादी लांब आहे. सातव्या शतकात एका आर्मेनियन इतिहासकाराने अरबांना चौथं श्वापद ठरवलं, बाराव्या शतकात ज्यू पंडित इब्न एज्रानेही. तुर्क १५२९ मध्ये व्हिएन्नाच्या वेशीवर आले तेव्हा ल्यूथरला लहान शिंगात तुर्क दिसला. न्यूटनला पोप दिसला. हो, तोच सफरचंदवाला न्यूटन. त्याचं दानीएलवरचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १७३३ मध्ये निघालं, आणि त्यातच तो बजावतो की भाकितांच्या आधारे पुढच्या तारखा सांगणं हा भाष्यकारांचा मूर्खपणा आहे. १९७० मध्ये हॅल लिंडसेच्या गाजलेल्या पुस्तकात दहा शिंगं म्हणजे युरोपची सामायिक बाजारपेठ होती. १ जानेवारी १९८१ ला ग्रीस दहावा सभासद झाला, तेव्हा या वाचकांना केवढा हर्ष झाला असेल! १९८६ मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल आले आणि शिंगं बारा झाली. आता सत्तावीस आहेत.

हे सगळं हसण्यावारी नेता येत नाही. १६६१ च्या जानेवारीत लंडनमध्ये थॉमस व्हेनरच्या मागून पन्नासेक माणसं 'पाचवं राज्य' आणायला तलवारी घेऊन रस्त्यावर उतरली. दोन्हीकडची माणसं मेली, व्हेनर फासावर गेला. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्याने दानीएलच्या आठव्या अध्यायातल्या २३०० दिवसांची २३०० वर्षं केली, आणि त्या हिशेबातून २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख ठरली. काहींनी शेतातलं पीक काढलंच नाही, कारण खाणार कोण? २३ ऑक्टोबरची सकाळ त्यांच्या घरात कशी गेली असेल. मिलर लबाड नव्हता, पाठ्यपुस्तकातल्यासारखा प्रामाणिक होता. म्हणून तर जास्त वाईट वाटतं.

आपल्या कोकण किनाऱ्यावर या पुस्तकाच्या दोन टोकांची माणसं एकमेकांच्या शेजारी राहून गेली, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. अलिबागजवळ नवगाव आहे. बेने इस्रायल मंडळींची, म्हणजे आपल्या शनिवार तेल्यांची, परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज जहाज फुटून तिथं किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात बायका. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलं की ते निघाले इ.स.पू. १७५ च्या सुमारास, अँटिओकसच्या जुलमामुळे. इतिहासकारांत या तारखेवर एकमत नाही. पण समाजाने स्वतःची जी गोष्ट जपली ती त्या लहान शिंगापासून पळालेल्यांची आहे. त्यांना हनुक्का हा सण पूर्वी ठाऊक नव्हता हेही याच्याशी जुळतं, असं केहिमकर आणि इतरांना वाटे. मंदिर इ.स.पू. १६४ मध्ये पुन्हा शुद्ध झालं त्याचा तो सण, आणि आधीच निघून गेलेल्यांना तो कसा कळणार?

आणि त्याच किनाऱ्यावर, अलिबागच्या दक्षिणेला चौल-रेवदंड्याला १७४० पर्यंत पोर्तुगीज होते. खाली गोव्यात तर १९६१ पर्यंत. सतराव्या शतकातला त्यांचा मोठा विद्वान, जेझुइट पाद्री आंतोनियो व्हिएरा, १६५९ मध्ये लिहीत होता की जगाचं पाचवं साम्राज्य पोर्तुगालचं असणार. पुतळ्याचा भुगा करणारा तो दगड म्हणजे आपण! व्हिएरा माणूस म्हणून वाईट नव्हता. ब्राझीलमधल्या आदिवासींसाठी आणि बाटवलेल्या ज्यूंसाठी तो भांडला, आणि या भाकितांपायी पोर्तुगालच्या इन्क्विझिशननेच त्याला दोन वर्षं कोंडलं. पण तेच इन्क्विझिशन १५६० पासून गोव्यात चालू होतं, आणि घरात गुपचूप शब्बाथ पाळल्याच्या संशयावरून माणसं धरत होतं. अँटिओकसची बंदीही शब्बाथवरच होती. स्वतःला दगड समजणाऱ्यांच्या हातात लोखंडी दात होते.

म्हणून मला चौथं श्वापद कोण यापेक्षा वाचणारा कुठं उभा आहे हे आधी बघावंसं वाटतं. पायाखाली आहे की पाठीवर बसलाय? त्या व्हिडिओंत आज ज्यांना श्वापद म्हणतात ती कोट्यवधी जिवंत माणसं आहेत, त्यांच्या घरात आपल्यासारखीच दहावीची परीक्षा आणि आजीची गुडघेदुखी आहे. पारस म्हणजे आजचा इराण, असं सांगून त्याला अस्वल ठरवणाऱ्यांनी यशयाचा पंचेचाळिसावा अध्यायही दाखवावा. तिथं देव पारसाच्या कोरेशला 'माझा अभिषिक्त' म्हणतो. मसीहा हा शब्द तोच. यादीतलं श्वापद एका पुस्तकात, आणि ज्यूंना घरी जाऊ देणारा मसीहा दुसऱ्यात, दोन्ही एकाच बायबलमध्ये.

ज्यांना वाचावंसं वाटेल त्यांनी सातव्या अध्यायापासून सुरुवात करू नका, गरगरायला होतं. आधी मक्काबींचा पहिला ग्रंथ घ्या, निदान पहिले सहा अध्याय. तो कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाही, तेव्हा घेताना बघून घ्या. मग दानीएलचा अकरावा अध्याय, आणि त्यानंतर पहिल्यापासून. संपूर्ण पुस्तक बारा अध्यायांचं आहे, एका दुपारी होतं. अगदी शेवटाला अंतापर्यंतच्या दिवसांचा आकडा येतो, १२९०. लगेच पुढच्या ओळीत दुसरा येतो, १३३५. पहिली मुदत टळून गेल्यावर कुणीतरी पंचेचाळीस दिवस वाढवून लिहिले, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. पहिला आकडा मात्र त्याने खोडला नाही.